आक्काची बिनदांडीची गाडी

आक्का, परवा दुकानात एक माणूस आला. तुझ्या तीनचाकीभोवती त्यानं दोन फेऱ्या मारल्या, सीट दाबून बघितली, घंटी वाजवली आणि मग मागं जाऊन उभा राहिला. हात पुढं केले तर हाताला काही लागेना. माझ्याकडं वळून म्हणाला, "मागं धरायला काय न्हाईच व्हय हिला?"

मला हसू आलं, आणि लगेच डोळे भरले. तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत मी रडलो नव्हतो. पाव्हण्यारावळ्यांच्या गर्दीत रडायला सवड मिळत नाही. आणि ह्या परक्या माणसानं येऊन नेमकं तेच विचारलं.

माणूस बेडश्याकडचा, किसन नावाचा. नवरा-बायको दोघं खाणीत दगड फोडायला जायचे. दोन वर्षांमागं बायकोच्या पायांवर दगड आला. एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला, दुसऱ्यात म्हणावा तसा जोर नाही. त्याला कुणीतरी सांगितलं की कामशेतला सायकलवाल्या बापूची बहीण गेली, तिची हातानं चालवायची गाडी पडून आहे. 'पडून' हा शब्द तू ऐकला असतास तर बिचाऱ्याची धडगत नव्हती. गाडी देतो म्हणालो. मागं दांडी लावायचं मात्र 'बघू' म्हणालो, आणि मंगळवारी बायकोला घेऊन ये असं सांगितलं. त्याला वाटलं असेल, सायकलवाला आढेवेढे घेतोय. त्याला काय ठाऊक, ह्या एका दांडीपायी आपण भाऊबहीण चौदा वर्षं भांडलो आणि शेवटचं भांडण पुरतं मिटायच्या आत तू निघून गेलीस.

तेव्हापासून मंगळवारपर्यंत गाडी समोर घेऊन बसलो होतो. पुसत होतो, तेल घालत होतो, आणि तुझ्याशी बोलत होतो. गिऱ्हाईक यायचं, बघायचं आणि पंक्चरची सायकल ठेवून गुपचूप जायचं.

तू तीन वर्षांची असताना तुला ताप आला आणि तो जाताना पाय घेऊन गेला. डावा पुरता गेला, उजवा नावाला राहिला. मी तुझ्यामागं चार वर्षांनी जन्मलो, पण दहा वर्षांचा झालो तसा तुला पाठीवर घेऊन हिंडायला लागलो. गावात लोक मला श्रावणबाळ म्हणायचे. मीही छाती फुगवून चालायचो. तुला कुणी काही म्हणायचं नाही. तू ओझं आणि मी उचलणारा, शाबासकी उचलणाऱ्याची.

मग ते मामाच्या गावचं लग्न. मी तुला कुणाच्यातरी ओट्यावर उतरवलं आणि पोरांबरोबर विटीदांडू खेळायला पळालो. विसरलोच. जेवणाच्या पंगती उठल्या, वरात निघाली, तेव्हा आठवण झाली. तू तिथंच होतीस, उन्हात, ऊन सरकेल तशी इंचाइंचानं भिंतीकडं सरकत. मला बघून रागावली नाहीस. आईला सांगितलं नाहीस. परत येताना माझ्या कानाशी एवढंच म्हणालीस, "बापू, दुसऱ्याच्या पाठीवर बसलं की उतरायचं कुटं आन् कवा, ते बी त्यानंच ठरवायचं."

तेव्हा ते माझ्या डोक्यावरून गेलं. कळायला मला पुढची तीस वर्षं लागली.

पानशेत फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी स्टेशनजवळ ही टपरी टाकली. पुण्यात एका माणसाला हातानं चालवायच्या तीनचाकीवर बघितलं होतं. दोन मोडक्या सायकली फोडल्या आणि तुझ्यासाठी तशीच गाडी जुळवायला घेतली. तोवर मला पंक्चर काढणं आणि चेन बसवणं यापलीकडं काही येत नव्हतं. मेकॅनिक मी तुझ्या गाडीनं झालो. तू पाटावर बसून हातमशीनवर शिवण शिवायचीस आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायचीस. सीट पुढं घे, म्हणजे खांदा लागंल. हातातली पायडलं छातीच्या खाली ठेव, वर ठेवलीस तर दंड भरून येत्यात. फ्रीव्हील काढून टाक, चेन पक्की कर, म्हणजे उतारावर हातानं आवरता यील आणि मागं पण घेता यील. ह्यातलं एकही तू कुठं शिकली नव्हतीस. मशीनचं चाक फिरवून फिरवून तुझ्या दंडांना जे कळलं होतं, ते तू माझ्या टाळक्यात घालत होतीस.

गाडी झाली. मी आपल्या मनानं मागं एक झकास दांडी लावली होती, कमानदार, वर काळा रंग दिलेली. तू गाडीत बसलीस, गोल फिरलीस, इतकी खुश झालीस की आई पदरानं डोळे टिपायला लागली. मग मागं वळून बघितलंस आणि म्हणालीस, ती काढ.

आई म्हणाली, अगं, कुठं अडकलीस तर कुणी ढकलायला नको का? मी म्हणालो, राहू दे की, खाते काय ती? तू हटली नाहीस. दाराची कडी दिसली की येणाराजाणारा वाजवतोच, तसं दांडी दिसली की माणसाचा हात जातो, असं तुझं म्हणणं. गाडीत कोण बसलंय ते बघणारसुद्धा नाहीत, ढकलायला लागतील. आणि चेन पक्की आहे. मागून कुणी ढकललं तर पायडलं आपोआप गरागरा फिरणार आणि बोटांवर बसणार. तुझं हे दुसरं कारण सायकलवाल्याला पटायला हवं होतं. मला पटलं नाही. आईचं मन राखायचं की तुझं, एवढंच मला दिसत होतं. शेवटी काढली. पण मनातून नाही काढली.

मग लोणावळ्याच्या महिला मंडळात शिवण शिकवायला बाई हवी होती. तुझं शिवण बघून त्यांनी तोंडात बोटं घातली, आणि तुझे पाय बघून तोंड फिरवलं. रोज येणार कशा, आणणार कोण, पावसात काय करणार. मी मधे पडून सांगणार होतो की मी आणीन. तू माझा हात दाबलास. एक महिना बघा, म्हणालीस, एक दिवस खाडा झाला तर माझं तोंड बघू नका.

घरी येऊन मला कामाला जुंपलंस. गाडी रेल्वेत जायला हवी, म्हणजे सुटी व्हायला हवी. मग आपण ती तीन तुकड्यांची केली. पुढचं चाक चिमट्यासकट एक, सीट एक, मागची दोन चाकं मधल्या आसासकट एक. पान्हा लागू नये म्हणून हातानं फिरवायचे, कान असलेले नट बसवले. बसल्या जागी चार मिनिटांत तू गाडी मोडायचीस आणि पाचात जोडायचीस. कुबड्या अडकवायला बाजूला दोन पकडी झाल्या. चाकाच्या तारांत लुगडं जाऊ नये म्हणून तू जाड कापडाचं कव्हर शिवलंस. पावसात पायडल निसटतं म्हणून त्याला सुतळी गुंडाळलीस. आणि एक लाकडी ठोकळा, दोरीला बांधून सीटखाली. थांबलं की आधी ठोकळा चाकाखाली, मग कुबडी हातात. हा क्रम तू कधी चुकली नाहीस. मी तुझी गाडी जरा हलवायला गेलो तरी ठेच त्या ठोकळ्याची लागायची.

पहिल्याच दिवशी शटलच्या गार्डानं हटकलं. हे सामान नाही, सायकल नाही, आहे तरी काय? मी गयावया करायला पुढं झालो. तू गाडीचे तुकडे समोर मांडून फलाटावर बसलेली, तिथनंच म्हणालीस, "सायब, ह्ये माझं पाय हाईत. पायांचं तिकीट मानसाच्या तिकिटातच येतं न्हवं?"

गार्ड हसला. हसून सामानाची पावती फाडलीच. कायदा तो कायदा. पण तुकडे त्यानं स्वतः आपल्या डब्यात घेतले. तूही ते घेऊ दिलेस. सामान उचलायला तुझी ना नव्हती कधी, तुला उचलायला होती. डब्याच्या पायरीवर बसून, दोन्ही हातांनी दांडे धरून तू जी वर गेलीस, ते बघून फलाटावरचे दोन पैलवान एकमेकांकडं बघायला लागले. त्यातल्या एकाला तू पुढं पंजा लढवताना पाडलंस. तो अजून म्हणतो, हात घामेजला होता म्हणून निसटला. चार लोकांत मी त्याला अजून त्यावरून छेडतो.

लोणावळ्याचा पाऊस तुला सांगायला नको. छत्री धरायला तिसरा हात हवा, तो देवानं दिलेला नाही. मी डोकं लढवलं. भात लावताना बायका पाठीवर घेतात ते इरलं, बांबूच्या कामट्यांचं, पळसाची पानं विणलेलं, ते मी सळया लावून तुझ्या गाडीवर छपरासारखं बसवलं. काय शोभा होती. आषाढाचे दिवस. स्टेशनाबाहेरच्या चढावर घाटातनं वारा आला, इरल्यात शिरला, गाडीचं तोंड फिरवलं आणि तुला उलटी खाली घेऊन गेला, थेट चहावाल्याच्या सरपणाच्या ढिगात. संध्याकाळी गार्डाकडून मला हे कळलं. तू घरी आलीस ती हसतच. म्हणालीस, सात पिढ्या भातात राबलो आपण आणि तुला इतकं ठाऊक नाही का, इरलं पाठीला बांधायचं असतं, घराला नाही. दुसऱ्या दिवसापासून इरलं तुझ्या पाठीवर गेलं. वाकून पायडल मारायचीस ना तू, अगदी लावणीच्या बाईसारखी. पाणी मागच्या मागं निथळायचं आणि दोन्ही हात मोकळे. हुशारी करायला जाऊन मी अवलक्षण केलं होतं आणि तू त्याचंही सोनं केलंस.

महिना झाला. एक खाडा नाही. मंडळाच्या बाईंनी दुसऱ्या महिन्यात तुझ्यासाठी दारातल्या दोन पायऱ्या फोडून उतरण करून घेतली. तू ते मागितलं नव्हतंस. घरी येऊन हे सांगताना तुझा आवाज पहिल्यांदा जरा ओला झाला होता.

चौदा वर्षं, आक्का. त्या घाटमाथ्यावरच्या किती बायकांच्या अंगात तुझ्या हाताच्या मापाचं पोलकं आहे कोण जाणे. आणि नुसतं शिवण नाही. कुणाला काठी लागली, कुणाच्या सासऱ्याचा पाय गेला, की तुझ्याकडं सल्ल्याला यायचे. चढ कधी सरळ अंगावर घेऊ नये, बैलगाडीवाल्यासारखं वाकडं वाकडं जावं. रूळ ओलांडताना चाक रुळाला काटकोनात न्यावं, तिरकं नेलं की फटीत बसलंच. मागच्या चाकांत हवा टणक ठेवावी, पुढच्यात जरा कमी. दमलो असं वाटायच्या आधी थांबावं, वाटल्यावर थांबायला ठोकळा सापडत नाही. हे शेवटचं तू सगळ्यांना सांगायचीस आणि स्वतः कधी पाळलं नाहीस.

कारण गेल्या साली तुला धाप लागायला लागली. मला दिसत होतं. चढावर तू दोनाच्या जागी पाच वेळा थांबत होतीस. डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं. काम सोड म्हणालो, तर तू माझ्याकडं असं बघितलंस की मी तो विषयच सोडला. मला झोप लागेना. तू रस्त्यात कुठंतरी पडशील आणि लोकांना तुला हलवताही येणार नाही, हेच डोळ्यांपुढं. तर एका रविवारी गाडी तेलपाण्यासाठी दुकानात होती, आणि मी तुला न सांगता मागं दांडी लावली. वेल्डिंग करून पक्की. सोमवारी घाईत तू बघितलंस, काही बोलली नाहीस, गाडी चुकेल म्हणून निघून गेलीस.

लोणावळ्याला फलाटाबाहेर एका भल्या माणसानं ती दांडी धरली. पुण्य करायला निघाला होता बिचारा. तू 'नको, नको' म्हणेपर्यंत त्यानं गाडी पळवली. पायडलं फिरली ती तुझ्या दोन्ही हातांच्या बोटांवर बसली. संध्याकाळी आलीस तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं सुजून जांभळी झाली होती. शिवणाऱ्या बाईची बोटं.

तू भिंतीवरची लोखंड कापायची करवत मागितलीस. मी म्हणालो, दे इकडं, मी कापतो. तू हात पुढं केलेलाच ठेवलास. मग खाली बसलीस, दांडी मांडीशी धरलीस आणि डाव्या हातानं कापायला लागलीस. माझ्या दुकानात, माझ्यासमोर, बराच वेळ. लोखंडाचा चुरा तुझ्या लुगड्यावर पडत होता. एक बाजू तुटली, दुसरी तुटली. तेव्हा एकदाच मान वर केलीस आणि म्हणालीस, "मला इचारलं हुतंस का?"

आठ दिवस आपण बोललो नाही. नवव्या दिवशी तू आवाज दिलास, चेन करकरतीय, तेल घाल. ते तुझं मिटवणं. मी धावत जाऊन तेल घातलं. ते माझं. पण 'चुकलं' हा शब्द माझ्या जिभेवर आला नाही. मनात अजून होतंच ना, की मी तुझ्या भल्यासाठी केलं. आज उद्या म्हणीन, असं करत राहिलो. आणि एका सकाळी तू मशीनवर बसल्या बसल्या मान टाकलीस.

तुला चौघांनी उचललं, आक्का. एक खांदा माझा. इतक्या वर्षांनी तू माझ्या अंगावर होतीस आणि 'हळू जा' म्हणायला तोंड नव्हतं तुला. लोणावळ्याहून दुपारच्या गाडीनं बायका आल्या होत्या, फलाट भरून. त्यांतली प्रत्येकजण मला सांगत होती की बाई कशा एकट्या यायच्या. एकीनंही 'बिचारी' म्हटलं नाही. एवढ्या गर्दीत एकदाही नाही. ते ऐकून मी ताठ चाललो.

मंगळवारी किसन बायकोला घेऊन आला. पाठीवर घेऊन. एसटीतून उतरून तसाच चालत आला होता. तिला बाकावर टेकवलं आणि घाम पुसत उभा राहिला. मला त्याच्यात दहा वर्षांचा मी दिसलो. पारूबाई तिचं नाव. मान खाली. मी गाडीचं एकेक दाखवत होतो, ठोकळा, पकडी, हवा, रूळ, चढ, सगळं तुझ्याच शब्दांत; आणि दर वेळी 'व्हय, व्हय' किसन म्हणत होता. मग त्यानं पुन्हा दांडीचं काढलं.

माझ्या तोंडावर 'नाही' आलं होतं. चौदा वर्षं तू म्हणत होतीस तेच मी म्हणणार होतो, मोठ्या दिमाखात. तेवढ्यात करवत दिसली भिंतीवरची.

मी किसनला म्हणालो, तुम्हाला नाही, त्यांना विचारतोय. आणि बाकासमोर उकिडवा बसलो. "पारूबाई, गाडी तुमची. दांडी लावू का नको?"

तिनं मान वर करून आधी किसनकडं बघितलं. तिला बहुतेक कुणी असं काही विचारलंच नव्हतं. किसन मधे बोलायला गेला, मी हात वर केला. मग ती हळूच म्हणाली, "रोजच्याला नगं. पन आमच्या वस्तीचा शेवटला चढ लय उभा हाय. तितं ह्येंनी धरलं तर बरं. काढता-घालता यील का?"

आक्का, कपाळावर हात मारून घेतला मी. तीन तुकड्यांत सुटणारी गाडी आपण केली, आणि सुटणारी दांडी आपल्या दोघांनाही सुचली नाही. सुचणार कशी? मी 'लाव' म्हणायचो, तू 'काढ' म्हणायचीस. कुठं लावू, कधी लावू, हे मी कधी विचारलंच नाही.

तू कापून टाकलेली दांडी मी अडगळीत ठेवली होती. तीच घेतली. दोन कानाचे नट बसवले. काढली की सीटखाली ठोकळ्याशेजारी बसते. चेनची कडीही अशी केली की दांडी लावताना ती उतरवून ठेवायची, म्हणजे पायडलं फिरत नाहीत. नट पारूबाईच्या हातात दिले आणि सांगितलं, हे तुमच्याजवळ ठेवा, ह्यांच्याजवळ नाही. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मग ती निघाली. रस्त्यानं आधी दोनदा अडखळली, मग जमलं. किसन शेजारून चालत होता. हात रिकामे पडल्यामुळं त्याला त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. कधी मागं बांधी, कधी खिशात घाली. पुलाच्या चढाला ती सरळ गेली नाही. वाकडं वाकडं घेत चढली, मधे थांबली, वाकून ठोकळा लावला, दम खाल्ला, पुन्हा निघाली. दुकानाच्या दारात उभा राहून मी बघत होतो आणि माझी छाती तुझ्या अभिमानानं भरून आली होती.

आक्का, ह्या खेपेला मी आधी विचारलं, मग हात लावला. तुला विचारलं नव्हतं. चुकलं माझं.